रानतंबाखू ओळखा, लोबेलिया लावा
(कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



दिवाळी सरली, थंडी पडू लागली, की सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एक झाड लांबूनच ओळखू येते. पुरुष-दीड पुरुष उंचीचा सरळसोट दांडा, खाली तंबाखूसारखी लांब पाने आणि शेंड्याला पांढऱ्या फुलांचा मोठा तुरा. महाबळेश्वरच्या वाटेवर, आंबोलीच्या बाजूला, रानाच्या कडेला, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर ते उभे असते. कोणी त्याला रानतंबाखू म्हणतो, कोणी देवनळ, कोणी धवळ. शास्त्रातले नाव लोबेलिया निकोटियानिफोलिया. नाव लांबलचक आहे, पण अर्थ अगदी साधा. तंबाखूसारख्या पानांची लोबेलिया, एवढेच त्यात सांगितले आहे.

आता तुम्ही म्हणाल, रानात आपोआप उगवणाऱ्या झाडाचे शेतीच्या कार्यक्रमात काय काम? काम आहे, आणि तेही दोन कारणांनी. पहिले कारण असे की हे झाड विषारी आहे, आणि ते आपल्या पोराबाळांच्या आणि गुरांच्या रोजच्या वाटेवर उगवते. दुसरे कारण असे की याच झाडाची एक धाकटी बहीण जगभर बागांतून लावतात. ती आपल्याकडेही हिवाळ्यात कुंडीत उत्तम येते आणि रोपवाटिकेला चांगली जोड देते. एकाच घराण्यातल्या या दोघी. एकीला दुरून रामराम करायचा, दुसरीला अंगणात आणायचे. कोणती कुठली, हे मात्र पक्के ठाऊक हवे.

घडलेली एक गोष्ट

आमच्या एका पाहुण्यांच्या घरी घडलेली गोष्ट आधी सांगतो. गाव घाटमाथ्यावरचे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी गुरांमागे गेला. वाटेत देवनळाचा हिरवा दांडा दिसला. कोयत्याने कापला, तर आतून पोकळ. पोराला छान नळी मिळाली! ओढ्याकाठी पालथा पडून त्या नळीने तो पोटभर पाणी प्याला आणि ती नळी चघळतच घरी निघाला.

घरी पोचेपर्यंत पोर पांढरेफटक पडले. तोंडातून लाळ गळते आहे, उलटीवर उलटी होते आहे, अंगाला दरदरून घाम आणि हातपाय थरथरताहेत. आजी म्हणाली, "ऊन लागलं असंल, लिंबाचं पाणी द्या." दिले, तेही बाहेर आले. तेवढ्यात थोरल्या चुलत्याची नजर अंगणात पडलेल्या नळीवर गेली. त्याने ती उचलली, कापलेल्या टोकाला पांढरा चीक वाळलेला पाहिला आणि म्हणाला, "गाडी काढा आधी." मुलाला घेऊन ते दवाखान्यात गेले, आणि जाताना ती नळीही त्यांनी बरोबर घेतली. वेळेवर उपचार झाले आणि दोन दिवसांनी मुलगा हिंडूफिरू लागला.

नंतर मुलाचे वडील मला म्हणाले, "अहो, नाव देवनळ. देवाच्या नावाच्या झाडात विष असंल, असं कुणाच्या मनात तरी येतं का?"

मंडळी, आजच्या बोलण्याचे सार या एका वाक्यात आहे. झाड नावावरून ओळखायचे नसते. नळ हा शब्द आपण बोरूच्या जातीच्या गवतालाही लावतो, आणि ते गवत निराळे. एकाच नावाची दोन झाडे असतात, एकाच झाडाची चार नावे असतात. म्हणून नाव बाजूला ठेवा आणि खुणा पाहा.

रानतंबाखूच्या खुणा

पहिली खूण चीक. पान तोडले किंवा दांडा कापला की पांढरा, दुधासारखा चीक येतो. शेतातल्या खऱ्या तंबाखूला असा चीक नसतो. तंबाखूचे पान हाताला चिकट लागते, पण त्यातून दूध येत नाही. रुई आणि शेर यांनाही चीक असतो, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर थांबू नका.

दुसरी खूण पान. पान लांबट, टोकाकडे निमुळते, कडेला बारीक दाते आणि मधली शीर ठळक, फिकट रंगाची. सुरुवातीला जमिनीलगत पानांचा मोठा घेर दिसतो. पुढे त्याच्या मधून दांडा वर चढतो.

तिसरी खूण दांडा. जाड, सरळ आणि आतून पोकळ. फुले होऊन गेली की दांडा वाळतो आणि उन्हाळाभर तसाच काठीसारखा उभा राहतो.

चौथी आणि सगळ्यांत खात्रीची खूण फूल. हे फूल गोल नसते. नळी एका बाजूने उभी चिरल्यासारखी आणि पाकळ्या खाली कलंडलेल्या, जणू अर्धेच फूल उमलले आहे. फुलानंतर लहान बोंडे धरतात आणि त्यांत धुळीसारखे बारीक बी असते.

या चारही खुणा जुळल्या तर ती लोबेलिया. चव घेऊन पाहण्याची पाचवी खूण नाही. ती कोणी घेऊ नये. वाळलेले झाडही निरुपद्रवी समजू नका. वाळल्यावर याची धूळ तंबाखूच्या भुकटीसारखी नाकाला आणि घशाला झोंबते. रानतंबाखू हे नाव पानाच्या आकारावरून जसे पटते, तसे या झोंबण्यावरूनही पटते.

विष कसले?

लोबेलियात अनेक अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी तीव्र द्रव्ये असतात. त्यांतले मुख्य लोबेलीन. तंबाखूतले निकोटीन आपल्या नसांवर जिथे काम करते, साधारण तिथेच लोबेलीन काम करते. थोडे पोटात गेले तर श्वास वाढतो, मळमळते, उलटी होते. जास्त गेले तर उलट घडते. श्वास मंदावतो, नाडी बिघडते, झटके येतात, आणि माणूस दगावूही शकतो.

थोडे म्हणजे किती आणि जास्त म्हणजे किती, हा प्रश्न इथे येतो. या प्रश्नाला घरगुती उत्तर नाही. एका झाडात द्रव्य कमी, दुसऱ्यात जास्त. पानात एक प्रमाण, बियांत दुसरे. ओल्यात निराळे, वाळल्यात निराळे. म्हणून दम्यावर पाला उकळून प्या, खोकल्यावर विडी करून ओढा, असे कोणी सांगितले तरी करू नका. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण झाडातले माप त्याच्या हातात नाही.

याबाबतीत अमेरिकेतली एक जुनी हकिगत ऐकण्यासारखी आहे. तिथल्या पूर्व भागात लोबेलिया इन्फ्लाटा नावाची गुडघाभर उंचीची रानटी जात उगवते. फूल गळल्यावर तिचे बोंड फुग्यासारखे फुगते, म्हणून हे नाव. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकरी कुटुंबात १७६९ साली सॅम्युएल थॉमसन नावाचा मुलगा जन्मला. अगदी लहानपणी त्याने हे बोंड चावून पाहिले आणि त्याला मळमळले. पुढे तो गंमत म्हणून इतर मुलांना ते खायला घालून उलट्या करायला लावी. मोठा झाल्यावर त्याने या झाडालाच औषध केले. उलटी झाली की रोग बाहेर पडतो, असे त्याचे मत होते. त्याला हजारो अनुयायी मिळाले, आणि १८१३ साली त्याने आपल्या उपचारपद्धतीचे पेटंटही घेतले.

पण त्याआधी काय झाले, तेही ऐका. त्याच्या उपचाराखाली असलेला एक तरुण दगावला, आणि १८०९ साली थॉमसनवर खुनाचा खटला उभा राहिला. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून तो सुटला. गेलेला तरुण मात्र परत आला नाही. हेतू चांगला होता, झाडही खरे होते, आणि तरी माणूस गेला. मला एवढेच दाखवायचे आहे.

पुढे डॉक्टरांनीही लोबेलीन वापरून पाहिले. दम्यावर दिले, श्वास सुरू करण्यासाठी दिले. तंबाखू सोडवण्यासाठी त्याच्या गोळ्या दुकानांतून मिळू लागल्या. अखेर त्यांचा उपयोग सिद्ध होत नाही म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ साली तंबाखू सोडवण्यासाठी दुकानात थेट मिळणाऱ्या औषधांतून लोबेलीन बंद केले. तेव्हा रानतंबाखूने खरी तंबाखू सुटते, असे कोणी म्हणाले तर ही गोष्ट त्याला सांगा.

तिथलीच आणखी एक जात आहे, निळ्या फुलांची लोबेलिया सिफिलिटिका. तिथले मूळ रहिवासी गरमीच्या रोगावर ती वापरतात, अशी बातमी युरोपात पोचली, आणि लिनीयस या शास्त्रज्ञाने तिचे नावच त्या रोगावरून ठेवले. युरोपात मात्र तिचा गुण आला नाही. रोगाचे नाव झाडाला कायमचे चिकटले, औषध म्हणून ते टिकले नाही. झाडाच्या नावावर विसंबू नये, याचा हा दुसरा दाखला.

गुरांची काळजी

रानात चरणारे जनावर बहुधा या झाडाला तोंड लावत नाही. चीक तिखट, चव कडू. जनावराला तेवढी अक्कल देवाने दिली आहे. धोका होतो तो आपण कापून आणलेल्या वैरणीत. विळ्याने सपासप गवत कापताना कोवळे पानांचे घेर त्यात येतात. भाऱ्यात बांधले, गोठ्यात कुट्टी झाली, की भुकेल्या गुराला त्यातून एक पान निवडून बाजूला काढता येत नाही. टंचाईच्या दिवसांत, जेव्हा हिरवे म्हणून दुसरे काही उरत नाही, तेव्हा जनावर एरवी टाळते तेही खाते.

अमेरिकेतील टेक्सास आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या कोरड्या कुरणांत लोबेलिया बर्लँडिएरी नावाची लहान जात उगवते. तिच्यामुळे तिथे गाई आणि शेळ्यांना विषबाधा होते. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जनावर गुंगीत जाते आणि काही वेळा दगावते. जात निराळी, पण घराणे तेच. म्हणून आपण सावध राहिलेले बरे.

तेव्हा गवत कापण्याआधी एक फेरी मारा. पानांचे घेर दिसले तर आधी ते बाजूला करा. हाताला मोजे किंवा जाड फडके बांधा, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा. काढलेली झाडे गोठ्यात, कुट्टीत किंवा चुलीत घालू नका. खड्डा करून पुरून टाका. आणि वैरण खाल्ल्यावर एखादे जनावर लाळ गाळू लागले, लटपटू लागले, तर राहिलेली वैरण त्याच्यापुढून काढा, बाकीच्या गुरांपासूनही दूर करा आणि पशुवैद्यकाला बोलवा. तेल पाजणे, ताक पाजणे असले प्रयोग गुंगीतल्या जनावरावर करू नका. पाजलेले फुप्फुसात उतरते आणि एक आजार दोन होतात.

हे घराणे किती मोठे!

विषाचे ऐकून या घराण्याविषयी तुमचे मत वाईट होऊ नये, म्हणून थोडी जगाची सफर करू या. लोबेलियाच्या चारशेहून अधिक जाती आहेत. नाव पडले ते मथियास द लोबेल या वनस्पतीतज्ज्ञ वैद्यावरून. तो १५३८ साली जन्मला आणि १६१६ साली वारला.

यांतल्या काही इतक्या लहान की तुम्ही रोज त्यांच्यावरून चालत असाल. भातखाचराच्या बांधावर, पाणथळ गवतात बोटभर उंचीची, निळसर फुलांची लोबेलिया अल्सिनॉइडीस आपल्याकडे उगवते. चीनमधल्या ओलसर बांधांवर तिची बहीण लोबेलिया चिनेन्सिस पसरते. तिच्या चिनी नावाचा अर्थ आहे अर्ध्या बाजूचे कमळ. मघाशी मी म्हटले ना, अर्धेच उमललेले फूल? तिथल्या शेतकऱ्यांच्या नजरेलाही तेच दिसले.

या फुलाची रचना समजून घेण्यासारखी आहे. पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक नळी होते आणि पराग त्या नळीत आतल्या बाजूला सांडतो. मग मधून स्त्रीकेसर वाढत वर येतो आणि सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखा तो पराग पुढे ढकलतो. पाखरू मधासाठी आले की पराग त्याच्या डोक्यावर पडतो. सगळा पराग गेला की मगच स्त्रीकेसर बाहेर डोकावतो आणि दुसऱ्या फुलाचा पराग घेतो. आधी देणे, मग घेणे. आपल्या रानतंबाखूच्या तुऱ्यावर इवलेसे सूर्यपक्षी येतात. अमेरिकेतल्या लालभडक लोबेलिया कार्डिनॅलिसवर गुंजन करणारे हमिंगबर्ड येतात.

उत्तर युरोपातल्या थंड, नितळ तळ्यांत लोबेलिया डॉर्टमाना राहते. पाने पाण्याखाली, तळाच्या वाळूत, आणि फूल तेवढे पाण्यावर. तिला स्वच्छ, खत नसलेले पाणी लागते. शेतातले खत आणि गावाचे सांडपाणी तळ्यात उतरू लागले, पाणी हिरवे झाले, की ती नाहीशी होते. खताचा जादा हप्ता पिकाला लागत नाही, तो पाण्याबरोबर कुठेतरी जातो आणि कोणाचे तरी घर मोडतो. आपल्या विहिरींच्या बाबतीत आपण तेच अनुभवतो, नाही का?

आणि आता उंच जाती. आफ्रिकेत विषुववृत्तावर केनिया पर्वत आहे, ५१९९ मीटर उंच. त्याच्या वरच्या उतारांवर दिवसा ऊन भाजते आणि रात्री पाणी गोठते. तिथे लोबेलिया टेलेकी आणि लोबेलिया डेकेनी या महाकाय जाती उभ्या आहेत. डेकेनीच्या पानांच्या घेरात पाणी साठते. रात्री त्या पाण्याच्या वर बर्फाची पापडी धरते आणि खालचा कोवळा शेंडा गोठण्यापासून वाचतो. टेलेकी कित्येक दशके नुसता पानांचा गड्डा राहते, मग एकदाच केसाळ, पुरुषभर उंच तुरा काढते, बी टाकते आणि मरते. इथिओपियाच्या डोंगरावरची लोबेलिया रिंकोपेटालम हीही अशीच, आयुष्यात एकदाच फुलणारी. तिथले लोक तिला जिबरा म्हणतात. आपल्या कारवीची आठवण होते, नाही?

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर तर लोबेलियाच्या कुळातल्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्या साऱ्या सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तिथे पोचलेल्या एकाच पूर्वजाचा वंशविस्तार आहेत, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. माणसाबरोबर डुकरे, शेळ्या आणि उंदीर तिथे गेले आणि त्यांतल्या कित्येक जाती संपल्या, कित्येक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. लाखो वर्षांत घडलेले मोडायला दोनशे वर्षे पुरली.

बागेतली लोबेलिया

आता धाकट्या बहिणीकडे वळू. ती लोबेलिया एरिनस. मूळची दक्षिण आफ्रिकेची. वीतभरच उंच, नाजूक पानांची आणि निळ्या फुलांनी लगडणारी. इतका शुद्ध निळा रंग हंगामी फुलांत फार थोड्यांना असतो. पांढऱ्या आणि जांभळट रंगांतही ती मिळते. क्रिस्टल पॅलेस ही गडद निळी, ठेंगणी आणि तांबूस पानांची जात जुनी आणि खात्रीची. केम्ब्रिज ब्ल्यू फिकट निळी. टांगत्या कुंडीसाठी सफायरसारखी लोंबती जात घ्या.

हिला थंडी मानवते. पुणे, नाशिक, सातारा, महाबळेश्वर अशा भागांत हिवाळ्यात छान येते. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात तिच्या मागे लागू नका. आणि मार्चच्या उन्हात ती संपते, हे धरूनच लावा.

पेरणी पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये करा. बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये पंचवीस-तीस हजार बिया सहज भरतात. इथेच बहुतेकांची चूक होते. बी गादीवाफ्यावर टाकून वर माती लोटू नका. पसरट कुंडी किंवा ट्रे घ्या, भोके असलेला. त्यात पोयटा, चाळलेले पानखत आणि बारीक वाळू समभाग भरा आणि हलके दाबून सपाट करा. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळा आणि मीठ भुरभुरतो तसे भुरभुरा. वर माती टाकू नका, या बियाला उगवायला उजेड लागतो.

पाणी झारीने घालू नका, बी एका कोपऱ्यात वाहून जाते. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, ओल खालून वर चढू द्या. वरची माती ओलसर दिसली की उचला. वर काच किंवा प्लास्टिकचा कागद ठेवा, रोज थोडा वेळ काढून हवा द्या आणि ट्रे सावलीत पण उजेडात ठेवा. दोन ते तीन आठवड्यांत उगवण दिसेल. दिसताच झाकण काढा. दाट आणि कोंदट ठेवले तर रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात. विरळ पेरणी, मोकळी हवा आणि बेताचे पाणी हाच त्यावरचा पहिला उपाय.

रोपे केसासारखी बारीक असतात. एकेक सुटे करण्याच्या फंदात पडू नका. चार-पाच रोपांचा झुबका काडीने उचला आणि लहान कुंडीत लावा. रोप चार बोटे झाले की शेंडा खुडा, म्हणजे फुटवे येतात. पुढे कायमच्या जागी १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावा. पेरणीपासून अडीच-तीन महिन्यांत फुले सुरू होतात. खत हलके द्या. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि फूल मागे पडते. माती कधी पूर्ण वाळू देऊ नका. एकदा कोमेजली की ती मनासारखी सावरत नाही. पहिला बहर ओसरला की कात्रीने निम्म्यावर छाटा, पाणी द्या, दुसरा बहर येतो.

रोपवाटिका चालवणाऱ्यांनी पहिल्या वर्षी एकदोन ट्रेच करून पाहावेत. हात बसला, गिऱ्हाईक मिळाले, मग वाढवावे. आणि विकताना एक गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगा. फूल गोड दिसले तरी लोबेलियाच्या घराण्याचा गुण हिच्यातही आहे. कुंडी रांगत्या मुलाच्या आणि शेळीच्या तोंडाजवळ ठेवू नये.

रानातली रानात राहू द्या

शेवटची गोष्ट. हे सगळे ऐकून कोणी उद्या कोयता घेऊन घाटातली सगळी रानतंबाखू तोडायला निघेल, तर तसे करू नका. आपल्या गवताच्या तुकड्यातली, वाटेवरची, घराजवळची काढा. रानातली रानात राहू द्या. उघड्या पडलेल्या दरडीच्या मातीत ती मूळ धरते, आणि हिवाळ्यात तिच्या तुऱ्यावर सूर्यपक्ष्यांचे पोट भरते. तिचे विष तिने आपल्यासाठी केलेले नाही. ते तिचे कुंपण आहे. आपण कुंपण ओळखावे आणि अलीकडे थांबावे, एवढेच. बागेसाठी रानातले रोप उपटून आणू नका, बाजारात बियाणे मिळते.

त्या मुलाच्या घरी मी नंतर गेलो होतो. चुलत्याने दारासमोर सगळ्या पोरांना उभे केले होते आणि एक दांडा कापून चीक दाखवत होता. म्हणत होता, "ह्ये बघून ठेवा. हात लावायचा न्हाई, तोंडाला तर न्हाईच न्हाई." शाळेच्या फळ्यावर शंभर वेळा लिहून जे होणार नाही, ते त्या पाच मिनिटांत झाले. तुम्हीही या हिवाळ्यात आपल्या मुलांना एकदा रानात न्या आणि हे झाड दाखवा. आज मी तुमच्याकडे मागतो ते एवढेच.

लक्षात ठेवा

१. पांढरा चीक, दातेरी लांब पान, पोकळ दांडा, अर्धवट उमललेले पांढरे फूल: चारही खुणा जुळल्या तर रानतंबाखू.

२. पोकळ दांड्याची नळी, पिपाणी किंवा शिट्टी करू नये. मुलांना तसे स्पष्ट सांगावे.

३. पाला, बी किंवा धूर यांचा औषध म्हणून घरी वापर करू नये.

४. माणसाला बाधा झाल्यास उलटी करवण्याच्या मागे न लागता लगेच दवाखान्यात न्यावे. गाडी नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झाडाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्यावा.

५. गवत कापण्याआधी पानांचे घेर वेगळे काढावेत. संशयित वैरण गुरांपुढून हलवून पशुवैद्यकाला बोलवावे.

६. बागेतल्या लोबेलियाची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. बियावर माती टाकू नये, पाणी खालून द्यावे, रोपे झुबक्याने लावावीत.

तुमच्या भागात या झाडाला आणखी कोणते नाव असेल, तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकून जरूर कळवा. नावे जितकी कळतील, तितका हा इशारा अधिक लोकांपर्यंत पोचेल.